स्लो कुकरमध्ये राजमा-सॉसेज करता येईल, पण राजमा आधी गॅसवर उकळून घ्या

तुम्ही विचारले आहे की, नणंदेने अमेरिकेहून आणलेल्या स्लो कुकरमध्ये (मंद आचेवर तासन्‌तास शिजवणाऱ्या विजेच्या भांड्यात) कोरडा राजमा, सॉसेज, कांदा, टोमॅटो आणि आपला काळा मसाला सकाळी एकदमच घालून कामावर गेले, तर धुळ्यात संध्याकाळी भाकरीसोबत पोटभर जेवण तयार मिळेल का. मिळेल, आणि चांगले मिळेल. मात्र सगळे एकदम घालून चालणार नाही. या पदार्थात कोणती वस्तू केव्हा पडते यावरच सर्व अवलंबून आहे.

त्याआधी कुकरच्या तळाशी लिहिलेला व्होल्टेज पाहून घ्या. तेथे 120 व्होल्ट असे लिहिलेले असेल, तर केवळ पिन बदलून तो आपल्या 230 व्होल्टच्या सॉकेटमध्ये लावू नका, कारण विजेचा दाब जवळजवळ दुप्पट झाला की आतल्या तारेची उष्णता साडेतीन पटींहून अधिक होते आणि तार जळते. कुकरच्या वॉटपेक्षा जास्त क्षमतेचा, व्होल्टेज कमी करणारा स्टेप-डाउन ट्रान्सफॉर्मर मधे घातला की काम होते.

आता राजम्याविषयी. कच्च्या लाल राजम्यात फायटोहिमॅग्लुटिनिन नावाचे एक लेक्टिन, म्हणजे एक प्रकारचे बाधक प्रथिन, भरपूर असते. चार-पाच कच्चे दाणे पोटात गेले तरी एक ते तीन तासांत मळमळ, जोराच्या उलट्या आणि जुलाब होऊ शकतात. ते खळखळत्या उकळीने नष्ट होते, परंतु 80 अंशांच्या आसपास तापत राहिलेल्या राजम्यात ते कच्च्यापेक्षाही अधिक बाधक झाल्याचे आढळले आहे. स्लो कुकर नेमका याच पट्ट्यात तासन्‌तास रेंगाळू शकतो, त्यामुळे दाणा बोटाने चेपला जाईल इतका मऊ होऊनही बाधू शकतो. म्हणून राजमा किमान पाच तास, खरे तर रात्रभर भिजवावा, ते पाणी फेकून द्यावे आणि नव्या पाण्यात अर्धा तास चांगला उकळावा. साध्या प्रेशर कुकरमध्ये दोन-तीन शिट्ट्या दिल्या तरी चालते, कारण तेथील तापमान शंभराच्या वर जाते. पांढऱ्या राजम्यात हे द्रव्य कमी असते, पण तोही उकळावाच. हा खटाटोप नको असेल तर चवळी घ्या. तिच्यात ते राजम्याइतके नसते आणि आपल्या घरांत ती राजम्यापेक्षा जुनी आहे.

मग स्लो कुकर हवाच कशाला, असे तुम्ही विचाराल. शिट्टीच्या कुकरमध्ये दाणा फुटून सालपट वेगळे होते, तर मंद आचेवर तो अखंड राहून आतपर्यंत रस्सा पितो. हे भांडे मुळात कडधान्यासाठीच निघाले. शिकागोच्या अर्विंग नॅक्सन यांना 1940 साली त्याचे पेटंट मिळाले, आणि लिथुआनियातील त्यांच्या आईच्या गावी ज्यूंच्या शब्बाथसाठी, म्हणजे शनिवारच्या विश्रांतीच्या दिवसासाठी, कडधान्य-मांसाचे भांडे रात्रभर बेकरीच्या भट्टीत ठेवत असत, त्या चालीवरून त्यांना ही कल्पना सुचली होती.

चार माणसांसाठी पाव किलो राजमा आणि तेवढेच सॉसेज पुरे होते. कांदा, सुके खोबरे, लसूण आणि आले भाजून वाटण करा व ते काळ्या मसाल्यासह कढईत तेल सुटेपर्यंत परता. ही पायरी गॅसवरच करावी लागते. स्लो कुकरमध्ये टाकलेला कच्चा लसूण उग्र लागू शकतो आणि मसाल्याला तर्री येत नाही. परतलेले वाटण, उकळलेला राजमा, मीठ आणि दाण्यांच्या वर बोटभर राहील इतके उकळते पाणी घालून झाकण लावा व लो वर सात-आठ तास ठेवा. पाणी बेताचेच घाला, कारण यात वाफ बाहेर पडत नाही आणि रस्सा आटत नाही. शेवटी पातळ वाटलाच तर पळीभर राजमा कुकरच्या कडेला चेचून ढवळावा. झाकण सारखे उघडू नका. एकदा उघडले की गेलेली उष्णता परत यायला पंधरा-वीस मिनिटे लागतात.

टोमॅटो, चिंच किंवा आमसूल दाणा मऊ झाल्यावरच घाला, आंबट आधी पडले तर साल कडक राहते. बोअरच्या क्षाराच्या पाण्यानेही तसेच होते, म्हणून भिजवायला आणि शिजवायला फिल्टरचे पाणी वापरा.

सॉसेज सर्वांत शेवटी. थंड पेटीतून मिळणारे चिकन सॉसेज बहुधा आधीच शिजवलेले असते. ते सकाळपासून रश्श्यात ठेवले तर फुगते, रबरासारखे होते आणि त्याची चव पाण्यात उतरते. संध्याकाळी घरी आल्यावर त्याचे जाड काप तव्यावर तेलात खमंग, कडा तांबूस होईपर्यंत परतून घाला आणि टोमॅटोसह हाय वर अर्धा-पाऊण तास ठेवा. गोव्याची चोरीस (डुकराच्या मांसाचे मसालेदार सॉसेज) मिळाली तर ती मात्र कच्ची असते, तिला नीट शिजवावे लागते. तिच्यात व्हिनेगर असल्यामुळे तीही मऊ राजम्यातच पडावी. गोव्यात राजमा आणि चोरीस यांची फेजोआद करतातच. चोरीस वापरली तर तिखट, मीठ आणि तेल निम्मे करा.

एक अडचण आपल्याकडचीच आहे, ती म्हणजे वीज. बटण फिरवण्याचा कुकर वीज परत आल्यावर आपोआप सुरू होतो, त्यामुळे मधे ती दोन तास गेली होती हे घरी आल्यावर कळतही नाही. डिजिटल कुकर मात्र अनेकदा बंदच राहतो. 5 ते 60 अंशांमधे जंतू झपाट्याने वाढतात आणि एप्रिल-मे महिन्यांत खान्देशातील बंद घरात अन्न तासन्‌तास कोमट पडून राहणे धोक्याचेच. माझे मत विचाराल तर हा पदार्थ सुट्टीच्या दिवशी, घरात कोणी असताना करावा, किंवा सगळे हिवाळ्यावर ठेवावे. कळण्याच्या भाकरीसोबत तो तेव्हाच अधिक रुचतो. उरलेला रस्सा पसरट पातेल्यात ओतून लवकर गार करा, फ्रीजमध्ये ठेवा आणि दुसऱ्या दिवशी गॅसवर उकळी आणून गरम करा. त्यासाठी स्लो कुकर वापरू नका, कारण गार अन्न गरम व्हायला त्यात फार वेळ लागतो.