दुकानाचा मालक रोज अपमान करतो, पगारही थकवलाय. प्रार्थनेला बसले तरी मन शांत होत नाही. काय करू?

ताई, प्रार्थनेत गोडच बोलायचं असं कोणी सांगितलं? बायबलमधलं स्तोत्र 13 काढा, सहाच वचनं आहेत. सुरुवातीलाच दावीद राजा देवाला जाब विचारतो, किती दिवस मला विसरणार? पकडला जाण्याआधी गेथशेमाने बागेत येशूनेही, हे दुःख टळू दे, अशी एकच विनंती तीनदा केली. तेव्हा आधी राग ओता, मालकाचं नाव घेऊन.

मी सांगलीच्या मार्केट यार्डात हळदीच्या पेढीवर हिशेब लिहिते. शिव्या पडल्या की पेन खाली ठेवते, श्वासाबरोबर ‘प्रभू, दया कर’ म्हणते, मगच पुढची बेरीज. शेठ काही सुधारले नाहीत (सुधारतील असं वाटतही नाही), पण माझा हात आता थरथरत नाही.

क्षमा करायची म्हणून पगार मात्र सोडू नका. कामगार आयुक्त कार्यालयात लेखी अर्ज द्या. हात उचलला तर 112 लावा.