'फिटिंग फ्री' होतं, म्हणून दुकानदार सुटत नाही

प्रश्न : आम्ही परभणीला राहतो. दिवाळीनंतर गॅस गिझर घेतला. 'फिटिंग फ्री' म्हणून दुकानदाराने फिटर पाठवला, त्याने गिझर न्हाणीतच बसवला आणि खोकं पुस्तिकेसकट घेऊन गेला. थंडी वाढली तशी आम्ही खिडकीच्या जाळीला थर्माकोल लावला. डिसेंबरात दहावीतली मुलगी आंघोळ करताना बेशुद्ध पडली, दार तोडून काढावं लागलं. आता बरी आहे. फिटर दुकानदाराकडे बोट दाखवून म्हणतो, "मालकानं सांगितलं तिथं लावलं." दुकानदार म्हणतो, "गॅस लीक नव्हता, अन् तो आमचा माणूस नाही." पक्कं बिल नाही. पैसे परत देतो, पण स्टँप पेपरवर 'तक्रार नाही' असं लिहून मागतो. काय करावं?

उत्तर : ताई, त्या कागदावर सही करू नका. गिझरची किंमत घेऊन मुलीच्या भरपाईचा दावा सोडून द्यायचा, असा तो सौदा आहे.

गिझरही भिंतीवरून काढू नका. घरचे म्हणतील, ते संकट आधी बाहेर फेका. सिलिंडरचा रेग्युलेटर काढून ठेवा, पण गिझर जागेवर राहू द्या. गिझर, खिडकी, दार यांचे फोटो काढा, न्हाणीची मापं टेपने घेऊन लिहून ठेवा.

लीक नव्हता, हे दुकानदाराचं म्हणणं खरंही असेल. त्याने तो सुटत नाही. सिलिंडरच्या गॅसला मुद्दाम वास दिलेला असतो, गळती नाकाला कळते. बंद न्हाणीत हवा कमी पडली की जळणाऱ्या गॅसमधून कार्बन मोनॉक्साइड तयार होतो, त्याला रंग नाही की वास नाही. म्हणजे दोष नळीत नसून जागेत आहे, आणि जागा ठरवली ती बसवणाऱ्याने. दवाखान्यातून सगळ्या केसपेपरची प्रत घ्या. रक्तातलं कार्बोक्सिहिमोग्लोबिन (म्हणजे हा वायू रक्तात किती मिसळला, याचं माप) तेव्हाच तपासलं असेल तर उत्तम. ऑक्सिजन दिल्यावर ते काही तासांत उतरतं, आता तपासून उपयोग नाही. तपासणी नसेल तर डॉक्टरांचं मत लेखी मागा.

आता 'फ्री'चं. ग्राहक संरक्षण कायदा, 2019 मध्ये फुकट दिलेली सेवा 'सेवा' धरली जात नाही, आणि समोरचा वकील पहिलं बोट इथेच ठेवेल. माझ्या मते वस्तूच्या किमतीत धरलेली फिटिंग फुकट नसते. पण त्या वादावर विसंबायची गरज नाही. याच कायद्याच्या कलम 86 प्रमाणे जोडणीत वाजवी काळजी घेतली नाही, किंवा उत्पादकाने दिलेल्या धोक्याच्या सूचना ग्राहकापर्यंत पोचवल्या नाहीत, तर विक्रेता जबाबदार ठरतो. पुस्तिका खोक्याबरोबर गेली, हे तुमचं वाक्य तक्रारीत जसंच्या तसं घाला. त्याच मॉडेलची पुस्तिका मिळवून जागेबद्दलची सूचना असलेलं पान जोडा.

थर्माकोल लपवू नका. उलटतपासणीत तो निघणारच, आणि त्यामुळे भरपाई कमी होऊ शकते. पण हवा कोंडू नका, असं तुम्हाला कुणी सांगितलंच नव्हतं, हेही तितकंच खरं आहे.

बिलाची फार काळजी नको. फोनपेची नोंद, शिक्का मारलेलं वॉरंटी कार्ड, व्हॉट्सअॅपवरचे निरोप चालतील. शिवाय बिल न देणं हीच या कायद्यात अनुचित व्यापारी प्रथा आहे.

तक्रार परभणीच्या जिल्हा ग्राहक आयोगात करा, घटनेपासून 2 वर्षांच्या आत. वस्तूची दिलेली किंमत 5 लाखांपर्यंत असेल तर शुल्क नाही; भरपाई किती मागता याचा शुल्काशी संबंध नाही. वकील सक्तीचा नाही. लेखनात अडलं तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे जा, महिलांना तिथे उत्पन्नाची अट नसते. पोलिसांतही अर्ज द्या (भारतीय न्याय संहिता, कलम 125, म्हणजे निष्काळजीपणाने दुसऱ्याचा जीव धोक्यात घालणं) आणि पोच घ्या, पण सगळा भार त्यावर टाकू नका; फौजदारी खटल्यात पुराव्याची कसोटी फार कडक असते.

नवा गिझर बसवायचाच असेल तर तो न्हाणीबाहेर मोकळ्या हवेत, कंपनीच्या सेवा केंद्राच्या माणसाकडून, आणि काय काम केलं ते पावतीवर लिहून घेऊन.

राहिला फिटर. तुमचा सगळा राग त्याच्यावर आहे, हे पत्रातून दिसतं. त्यालाही तक्रारीत विरुद्ध पक्ष करा, पण त्याच्याशी भांडून बसू नका. "मालकानं सांगितलं तिथं लावलं" हे त्याने आयोगापुढे सांगितलं, तर 'आमचा माणूस नाही' म्हणणाऱ्या दुकानदाराला पळायला जागा उरणार नाही.