डोंगरावर झाडं लावून चार पावसाळे झाले, तरी ओढ्याचं पाणी गढूळच का?

माथ्यावर सलग समतल चर खणले, रोपं लावली, चराईबंदी पाळली, तरी पाऊस झाला की ओढा तांबडाच वाहतो. मग एवढ्या खटाटोपाचा पाण्याला फायदा काय, असं तुम्ही विचारलंय. मी बालाघाटात, बीड-धाराशिवच्या बाजूला पाणलोटाच्या कामांवर ओढ्यांचं पाणी तपासतो, म्हणून सांगतो.

पाणी निवळतं ते झाडांच्या संख्येवर नाही, झाडाखाली काय आहे त्यावर. आपल्या डोंगरांवर वीतभर माती, खाली मुरूम, त्याखाली काळा पाषाण. उन्हाळाभर तापून भुसभुशीत झालेली ही माती वळवाच्या टपोऱ्या थेंबाने उडते आणि ओघळीला लागते. तिला धरून ठेवतात गवत आणि पालापाचोळा. रोप डोक्याएवढं झालं आणि बुंध्याशी जमीन उघडीच राहिली, तर ओढ्याच्या लेखी काही झालेलंच नाही. सागाचं तर आणखी वाईट. त्याच्या रुंद पानावर पाणी साचून जाड थेंब वरून आदळतो, आणि वणव्याने खालचं गवत-पाला जळाला असेल तर मोकळ्या माळापेक्षाही माती जास्त उडू शकते. मोठा पाऊस झाल्यावर सागाखाली उकिडवं बसून बघा. बोटाच्या पेराएवढे मातीचे खांब दिसतील, प्रत्येकाच्या डोक्यावर एक खडा. खड्याने झाकली तेवढी माती वाचली, भोवतालची गेली.

चर खणताना उकरलेली माती पहिल्या एक-दोन पावसाळ्यांत वाहतेच. पण भरावावर पवन्या, मारवेल हे गवत किंवा स्टायलो हा चारा धरला असेल तर चौथ्या वर्षी दोष चरांना देता येणार नाही. मग गाळ येतो कुठून? पाऊस चालू असतानाच ओढ्याने वर चालत जा (विजा नसताना, आणि पाणी गुडघ्याच्या आत असताना). जिथे जिथे ओहोळ येऊन मिळतो, तिथे दोन्हींचं पाणी वेगवेगळ्या पारदर्शक बाटल्यांत भरा, नाव टाका, रात्रभर ठेवा. सकाळी तळाशी कुणाचा थर जाड आहे ते डोळ्यांनी दिसतं. काळा चिकट गाळ असेल तर तो बहुधा वावरातला किंवा ढासळलेल्या काठाचा. तुमचा तांबडा आहे, म्हणजे मुरमाचा. माझा संशय कच्च्या रस्त्यावर, जनावरांच्या पायवाटेवर किंवा मुरमाच्या खाणीवर जातो. एकच रस्ता उताराला सरळ काढलेला असला, तर डोंगरभरच्या झाडांची मेहनत पाण्यात जाते.

दुसरं, भर पुरात पाणी बघून निकाल लावू नका. पूर ओसरल्यावर ओढा किती वेळात निवळतो, याची दरवर्षी नोंद ठेवा. सुधारणा आधी तिथे दिसते.

पिण्याचं म्हणाल, तर भारतीय मानकाप्रमाणे गढूळपणा १ एनटीयू (गढूळपणा मोजायचं एकक), दुसरा स्रोतच नसेल तर ५ पर्यंत चालतो. पावसाळ्यात उघडा ओढा त्यात बसेल ही आशा जंगल कितीही दाट झालं तरी धरू नका. गढूळ पाण्यात ब्लिचिंग पावडरचा जोर चालत नाही, म्हणून आधी तुरटी फिरवून गाळ बसू द्यायचा. निवळशंख दिसणारं पाणीही तपासावं लागतं: नायट्रेटची मर्यादा लिटरला ४५ मिलिग्रॅम, आणि १०० मिलिलिटरमध्ये ई-कोलाय (विष्ठेतून येणारा जंतू) एकही नको. या दोन्ही गोष्टी युरियातून, गोठ्यातून, हागणदारीतून येतात, म्हणजे जंगलाच्या खाली. माथ्यावरचं जंगल त्याला काय करणार? त्यासाठी काठालगत निरगुडी, करंज, शिंदी आणि दाट गवताचा पट्टा हवा, निदान नांगर तरी काठापर्यंत नेऊ नये. पाणी जड लागतं ते बेसाल्टमुळे, म्हणजे त्याच काळ्या पाषाणामुळे, ते तसंच राहणार.

पाणी तपासायचं किट नसेल तर सप्टेंबरच्या शेवटी वाहत्या पाण्यातला दगड उलटा करा. शेपटीला बहुधा तीन धागे आणि पोटाच्या दोन्ही कडांना हलणारी कल्ल्यांची झालर असलेल्या चपट्या अळ्या चिकटलेल्या दिसल्या, तर पाण्यात प्राणवायू चांगला आहे. नुसते लाल किडे वळवळत असतील तर वर कुठून तरी शेण-सांडपाणी मिळतंय. पिण्यायोग्य आहे की नाही ते मात्र यावरून ठरत नाही.

चराईबंदी उठवू नका. लोक कुरकुरत असतील तर दिवाळीच्या सुमाराला गवत कापून न्यायला परवानगी द्या, मुळं जागेवर राहतात.