गरम इंजिन पुन्हा सुरू होईना

प्रश्न : माझी 1994 सालची मारुती 800 सकाळी एका चावीत सुरू होते, पण नवी पेठेत उन्हात 10 मिनिटे थांबवली की स्टार्टर फिरूनही इंजिन पकडत नाही. काय तपासावे?
– एक वाचक, सोलापूर

उत्तर : स्टार्टर जोमाने फिरतो आहे, तेव्हा बॅटरीला दोष देऊ नका. इंजिन बंद होताच त्याची उष्णता कार्बुरेटरपर्यंत, म्हणजे पेट्रोल आणि हवा मिसळणाऱ्या भागापर्यंत, चढते आणि आपल्याकडच्या 40 अंशांच्या उन्हात तेथील पेट्रोल उकळून इंजिनात गरजेपेक्षा जास्त उतरते. पेट्रोलचा वास येत असल्यास चोक (थंड इंजिनाला जास्त पेट्रोल देणारी कळ) न ओढता, अ‍ॅक्सिलरेटर पूर्ण दाबून धरून स्टार्टर मारावा. वास नसेल, तर त्याच क्षणी स्पार्क प्लग काढून ठिणगी पाहावी. ती पिवळट, दुबळी असल्यास माझा संशय ठिणगीसाठी वीज पुरवणाऱ्या इग्निशन कॉइलवर राहील, कारण तापल्यावर दगा देणारी ही कॉइल गॅरेज गाठेपर्यंत थंड होऊन साळसूद बनते. ठिणगी निळी असेल, तर टाकीतून पेट्रोल ओढणाऱ्या गाडीतल्या पंपावर ओले फडके ठेवून पाहावे. त्याने इंजिन सुरू झाले, तर पेट्रोलच्या नळीत वाफ अडकत होती असे समजावे.