पंचेचाळिसावा क्रमांक

प्रिय विद्यार्थिनीस,

अनेक उत्तम आशीर्वाद.

हिवाळी ऑलिंपिकला भारताचे पथक एकादोघांचे असते आणि तेही यादीच्या तळाशी राहते, मग गुलमर्गच्या उतारावर स्कीइंगच्या सरावात आणखी दोन हंगाम घालवून काय साधणार, असे तू विचारले आहेस. 2022 साली बीजिंगला भारताचा एकच खेळाडू होता, गुलमर्गचाच आरिफ खान. जायंट स्लॅलममध्ये, म्हणजे खांबांच्या जोड्यांमधून (त्यांना गेट म्हणतात) वळणे घेत उतरण्याच्या स्की शर्यतीत, तो पंचेचाळिसावा आला, हे सर्वांनी वाचले. परंतु त्या दिवशी दाट हिमवर्षावात कितीतरी स्कीपटू वाटेतच बाद झाले होते, हे फारसे कोणी वाचले नाही. तीन दिवसांनी स्लॅलममध्ये, म्हणजे जवळजवळच्या गेटांच्या शर्यतीत, मात्र त्याला स्वतःला शर्यत पूर्ण करता आली नाही. अशा शर्यतीत दोन फेऱ्या असतात आणि दोन्हींची वेळ एकत्र धरली जात असल्यामुळे एक गेट चुकले की सारेच गेले. म्हणून क्रमांक विसर आणि प्रत्येक शर्यतीनंतर विजेत्याहून तू किती सेकंद मागे राहिलीस, तेवढेच वहीत लिही. एफआयएसचे, म्हणजे आंतरराष्ट्रीय स्की महासंघाचे, गुण मुख्यतः याच अंतरावर ठरतात, आणि ते जितके कमी तितके चांगले.

शिवा केशवनविषयीही तू लिहिले आहेस. नागानोला 1998 साली, वयाच्या सोळाव्या वर्षी ल्यूजमध्ये, म्हणजे घसरगाडीवर उताणे झोपून बर्फाच्या ट्रॅकवरून उतरण्याच्या शर्यतीत, उतरलेला हा मनालीजवळचा मुलगा 2018 पर्यंत सहा ऑलिंपिक खेळला. देशात ल्यूजचा ट्रॅक नसल्यामुळे घसरगाडीला चाके लावून तो हिमालयातल्या रस्त्यांवर, चालत्या वाहनांमधून वाट काढत सराव करी. आपल्या वृत्तपत्रांना ही चाके फार आवडतात. मला मात्र त्यात जुगाडाच्या कौतुकापेक्षा नाइलाज अधिक दिसतो, कारण खऱ्या बर्फावरचा सराव त्याला परदेशातच जाऊन करावा लागला. त्याची चिकाटी घे, चाके घेऊ नकोस.

आणखी एक गोष्ट, जी प्रशिक्षक सहसा सांगत नाहीत. सोची 2014 मध्ये भारतीय ऑलिंपिक संघटना निलंबित असल्यामुळे आपले तिघे खेळाडू उद्घाटनाला तिरंग्याविना, ऑलिंपिक ध्वजाखाली चालले. 11 फेब्रुवारीला निलंबन उठले, तोवर केशवनची शर्यत होऊन गेली होती. मोठ्या संघांत असले व्याप सांभाळायला माणसे असतात. आपल्याकडे ते पुष्कळदा खेळाडूच्याच गळ्यात पडतात. तेव्हा नोंदणीचे अर्ज, विमा आणि व्हिसाच्या तारखा स्वतः वाचत जा.

पुढच्या पत्रासोबत या हंगामातल्या शर्यतींच्या वेळा पाठव, आणि ज्या शर्यती अर्धवट राहिल्या त्यांत कोणते गेट चुकले, तेही लिही.

तुझा,
जुना प्रशिक्षक