वाचक विचारतात : लोकल रॉक बँड आणि रेडिओचा एक तास

प्रश्न : आमच्या छोट्या एफएम स्टेशनवर मला आठवड्यातून एक तास मिळालाय, आसपासच्या रॉक बँड्ससाठी. उत्साहाच्या भरात मी एका तासात पंधरा-पंधरा बँड लावतोय, सगळ्यांना चान्स मिळावा म्हणून. बँडवाले खूश होतात, पण ऐकणारे काही वाढत नाहीयेत. काय करू?
– एक आरजे

उत्तर : पहिल्यांदा हे, की असा तास तुम्ही चालवताय याचा मला मनापासून आनंद आहे. आता मुद्द्यावर. एका तासात पंधरा अनोळखी नावं कानावर पडली तर त्यातलं एकही लक्षात राहत नाही हो, आणि नवं गाणं पहिल्या ऐकण्यात फार कमी पोचतं, दुसऱ्या-तिसऱ्या वेळेला सूर ओळखीचा वाटायला लागतो, मग कुठे माणूस विचारतो की हे कोण, वाजवतात कुठे. म्हणून बँड कमी करा आणि गाणी परत परत लावा. सहा-सात बँड पुरेत, त्यातला एक महिनाभरासाठी निवडा आणि त्याचं एकच गाणं दर आठवड्याला वाजू द्या. बाकीचे थोडे रुसतील, रुसू देत, त्यांचाही महिना येणारच आहे.

ब्रिटनच्या बीबीसी रेडिओ १ वर जॉन पील हा आरजे १९६७ पासून २००४ मध्ये त्याचं निधन होईपर्यंत शो करत होता. १९७८ मध्ये त्याने उत्तर आयर्लंडमधल्या डेरीच्या अंडरटोन्स या पोरांच्या बँडचं एक गाणं लावलं आणि संपल्या संपल्या लगेच तेच परत लावलं. छोट्या लेबलवर, म्हणजे रेकॉर्ड कंपनीकडून, निघालेली रेकॉर्ड होती ती, आणि त्यानंतर लवकरच सायर रेकॉर्ड्ससारख्या मोठ्या लेबलने त्यांना साइन केलं. गाणं चांगलं होतंच, पण 'मला हे इतकं आवडलंय की मी परत लावतोय' असं एका माणसाने उघडपणे दाखवलं याचा परिणाम फार मोठा असतो. तुमची आवड ऐकू येऊ द्या, सगळ्यांना समान वाटप करायला तो काही सरकारी कोटा नाहीये.

दुसरी गोष्ट, गाणं संपल्यावर नाव सांगा. सुरुवातीला सांगितलेलं नाव गाणं आवडेपर्यंत विसरलेलं असतं, म्हणून बॅक अनाउन्समेंट चुकवायची नाही, आणि त्याच दमात पुढचा गिग कधी, कुठे, तिकीट आहे का फ्री एंट्री, एवढं सांगून टाका. लोकल शोची खरी ताकद इथे आहे, कारण ऐकणारा माणूस शनिवारी उठून तिथे जाऊ शकतो.

अमेरिकेतल्या सिएटलचं उदाहरण मला फार आवडतं. तिथल्या युनिव्हर्सिटीचं केसीएमयू नावाचं छोटं स्टेशन होतं, त्यावर जोनाथन पोनमन लोकल बँड्सचा ऑडिओॲसिस हा शो करायचा आणि ब्रूस पॅव्हिटचाही तिथेच वेगळा शो होता. या दोघांनी मिळून सब पॉप लेबल चालवलं, १९८७ मध्ये साउंडगार्डन या बँडची ईपी (अल्बमपेक्षा छोटी, मोजक्या गाण्यांची रेकॉर्ड) काढली आणि १९८९ मध्ये निर्वाणा या बँडचा पहिला अल्बम. म्हणजे कोणता बँड दमदार आहे, कुणाच्या गिगला गर्दी होते, हे ज्यांना रेडिओच्या खुर्चीत बसून आधी कळलं त्यांनीच पुढचं काम उभं केलं. तेच स्टेशन आता केईएक्सपी नावाने ओळखलं जातं आणि स्टुडिओत बँड बोलावून केलेली त्यांची लाइव्ह सेशन्स जगभर बघितली जातात.

सेशन तुम्हीही करा. पीलच्या सेशनमध्ये बँड एका दिवसात साधारण चार गाणी रेकॉर्ड आणि मिक्स करून मोकळा व्हायचा, आणि अशी ४००० च्या वर सेशन्स झाली. तुमच्या छोट्या खोलीत ड्रम्स सगळे माइक खाऊन टाकतील, तर कॅहॉन (हाताने वाजवायचा लाकडी खोका) आणि कमी व्हॉल्यूमचे अॅम्प घेऊन करा, पण करा, कारण ते व्हर्जन फक्त तुमच्याकडे असतं.

प्रश्न : आमचा चार जणांचा बँड आहे. बऱ्याच रेडिओ शोजना अल्बमची लिंक पाठवली, कुणाचंच उत्तर नाही. गाणी चांगली आहेत असं सगळे म्हणतात. मग अडतंय कुठे?
– एक बेसिस्ट

उत्तर : बहुतेक 'अल्बमची लिंक' इथेच अडतंय. निवडणाऱ्यापुढे ढीग असतो, त्याला दहा गाण्यांतून शोधायला लावू नका, तुमचं सगळ्यात जबरदस्त एकच गाणं पाठवा. मिनिटभराचा इंट्रो असेल तर रेडिओ एडिट करा, तीन-चार मिनिटांचं, आणि शिव्या असतील तर क्लीन व्हर्जनही द्या, नाहीतर आवडूनसुद्धा लावता येत नाही. फाइल वेव्ह फॉरमॅटमध्ये, फाइलच्या नावातच बँडचं आणि गाण्याचं नाव, 'फायनल मिक्स नवीन २' असलं काही नको. गीत-संगीत कुणाचं, हक्क कुणाकडे, हे लिहा, आयएसआरसी कोड (प्रत्येक रेकॉर्डिंगचा स्वतंत्र ओळख क्रमांक) असेल तर तोही, म्हणजे रॉयल्टीचा हिशोब लागतो.

आणि एक तांत्रिक गोष्ट जी रॉकवाल्यांना फार नडते. मास्टर, म्हणजे गाण्याची शेवटची तयार फाइल, अति लाउड करू नका. स्टेशनचा प्रोसेसर आवाज आधीच दाबत असतो, त्यात तुमचं गाणं आधीच चेपलेलं असेल तर एअरवर ते मोठं नाही, उलट चपटं आणि फाटकं ऐकू येतं, ड्रम्सचा जोर सगळा जातो. एफएमवर बारीक, उंच आवाज साधारण १५ किलोहर्ट्झपर्यंतच जातात, आणि सिग्नल कमजोर झाला की रिसीव्हर मोनोवर येतो, म्हणजे डावा-उजवा आवाज एकच होतो. त्यामुळे मिक्स एकदा मोनोमध्ये ऐकाच, स्टिरिओ वायडनर (आवाज दोन्ही बाजूंना पसरवणारा इफेक्ट) लावून पसरवलेल्या गिटार कधीकधी मोनोत जवळजवळ गायब होतात, आणि तुमच्या बँडमधून गिटार गेली तर उरलं काय!

पाठवण्याआधी त्या शोचे दोन-चार भाग ऐका आणि मेलमध्ये दोन ओळीत लिहा की आमचं गाणं तुमच्याकडे का बसतं. तेवढ्याने फरक पडतो.

प्रश्न : सगळं मोबाईलवर मिळत असताना लोकल रेडिओ शोची गरज उरलीय का?
– एक श्रोता

उत्तर : उरलीय. मिळणं आणि सापडणं यात बराच फरक आहे. २००७ मध्ये सुरू झालेल्या बीबीसी इंट्रोड्यूसिंग या नव्या कलाकारांसाठीच्या उपक्रमात बँड गाणं अपलोड करतो, ते आधी त्याच्या भागातल्या लोकल शोकडे जातं, तिथे कुणीतरी ऐकतं, आवडलं तर लावतं, आणि चांगलं असेल तर नॅशनल स्टेशनपर्यंत, ग्लास्टनबरी या मोठ्या संगीत महोत्सवाच्या स्टेजपर्यंत पोचवतं. ऑस्ट्रेलियात ट्रिपल जे या रेडिओ स्टेशनने १९९५ मध्ये अनअर्थ्ड ही स्पर्धा सुरू केली ती मोठ्या शहरांबाहेरचे बँड शोधायलाच, ग्रिनस्पून हा बँड तिथूनच पुढे आला.

तुम्हाला एखादा बँड आवडला तर शो चालू असतानाच स्टेशनला मेसेज करा, बँडचं नाव लिहून. स्टेशन मॅनेजरसमोर तो तास टिकवायची वेळ येते तेव्हा आरजेला दाखवायला तेच मेसेज असतात.