स्वमग्न मुलगा ऐकलेलं गाणं लगेच पेटीवर वाजवतो, पण क्लासमध्ये कान झाकतो. अशी मुलं जास्त सर्जनशील असतात का?

सर्जनशीलतेचं नंतर बोलू. सरांनी काळी चार (पेटीच्या सप्तकातली चौथी काळी पट्टी) सा म्हणून धरली की तुमचा ९ वर्षांचा मुलगा ‘चूक, चूक’ म्हणत कान झाकतो आणि सर त्याला हट्टी ठरवतात, हे तुम्ही जाता जाता लिहिलंय. खरा मुद्दा तो आहे. मुलगा हट्टी नाही. त्याला स्वर नुसता कानावर पडला तरी तो कुठली पट्टी आहे हे कळतं. ही क्षमता स्वमग्न मुलांमध्ये इतरांपेक्षा जास्त आढळते. आपली गायनपद्धती मात्र सा हलता ठेवते, म्हणजे कुठल्याही पट्टीला सा मानते, आणि घोटाळा तिथे होतो.

घरी तो सफेद एकला सा म्हणायला शिकला असणार, बरेच जण तसं शिकवतात. आता काळी चारचा सा म्हणजे त्याच्या हिशेबाने कोमल ध. बरं, काळी चारमध्ये गंधार येतो नेमका सफेद एकवर, म्हणजे ज्याला तो सा म्हणतो त्यालाच सर ग म्हणतात. एवढं झाल्यावर कोण शांत बसेल?

उपाय आपल्याकडेच आहे. पट्टीचं नाव कायमचं, सरगमचं नाव बदलणारं. एकच माणूस एकाचा मामा, दुसऱ्याचा काका, तसं. पहिले काही आठवडे सरगम म्हणवूनच घेऊ नका. आकारात, म्हणजे नुसता ‘आ’ लावून गाऊ द्या आणि बोट ठेवताना ‘सफेद एक, सफेद दोन’ म्हणू द्या. मग सा हलवा, पण शेजारच्या काळी एकवर नको. भूप राग घ्या, त्यात सा रे ग प ध हे पाचच स्वर: सफेद एकवरून वाजवला तर एक, दोन, तीन, पाच, सहा या सफेद पट्ट्या लागतात. सफेद पाचला सा केला तर पाचांपैकी चार पट्ट्या त्याच राहतात, नवी फक्त सफेद सात. काळी एकवर नेलात तर एकही जुनी पट्टी हाती राहत नाही. वर्गात ‘अर्धा सूर वर घेऊ, सोपं आहे’ म्हणतात ना, या मुलांना तेच सगळ्यांत अवघड. सफेद पाच पचला की सफेद चार, मग सफेद दोन. काळ्या पट्ट्यांवरचा सा शेवटी.

आता पेटीबद्दल, आणि इथे मी कुणाचं ऐकत नाही. काळी चारचा सा २०७.६५ हर्ट्झ धरला तर तंबोऱ्याच्या खर्जाच्या (सर्वांत खालच्या सा च्या) तारेतून आपोआप उमटणाऱ्या स्वयंभू गंधाराच्या हिशेबाने मध्य सप्तकातला ग २५९.६ ला पडतो. पेटीचा ग २६१.६ ला. दोन्ही एकत्र वाजले की आवाज लहानमोठा होत सेकंदाला दोन हेलकावे खातो, वरच्या सप्तकात चार. तुमच्याआमच्या कानाला सवय झालेली असते, त्याच्या कानाला नसते. त्यात पेटी नर-नर जोडीची (प्रत्येक पट्टीला एकाच उंचीचे दोन सूर, म्हणजे पितळी पात्या) असेल आणि त्या दोन सुरांतला एक उतरलेला असेल, तर हेलकाव्यांवर हेलकावे. ऑल इंडिया रेडिओने १९४० मध्ये पेटीवर बंदी घातली ती उगाच नव्हती. १९७१ मध्ये ती सैल झाली म्हणून पेटी काही सुरात आली नाही. पेटीवादक डॉ. विद्याधर ओकांनी २२ श्रुतींची (सप्तकातल्या सूक्ष्म स्वरांची) पेटी केली ती याच दुखण्यावर. तरी वर्गावर्गांतून तंबोरा आणि पेटी एकदम चालू असतात! सरांना सांगा, गाताना फक्त तंबोरा, तोही मोबाइलच्या टिपेच्या स्पीकरवर नको, आवाज कमी. पेटी शिकताना फक्त पेटी, एकच स्टॉप (पेटीचा ओढायचा खटका) उघडा. वेळ १५ ते २० मिनिटं, क्रम रोज तोच. पट्टी बदलायची असेल तर आधी नुसतं सांगा, मग तंबोरा मिनिट-दोन मिनिटं वाजू द्या, मग गा.

राहिली सर्जनशीलता. ऐकलेलं हुबेहूब वाजवणं म्हणजे स्मरण आणि कान, सर्जन नव्हे. इंग्लंडचा पियानोवादक डेरेक पॅराविसिनी, १९७९ चा जन्म, अंध आणि स्वमग्न, लहानपणी पियानो कोपरांनीसुद्धा बडवायचा. बोटं कशी ठेवायची हे त्याला अ‍ॅडम ऑकलफर्ड या संगीतशिक्षकांनी वर्षानुवर्षं शिकवलं. आज तो फर्माइशीच्या स्वरात आणि शैलीत गाणं पालटून वाजवतो. तेव्हा तुमच्या मुलाची नक्कल थांबवू नका, तिच्यात एक मोकळी जागा ठेवा. सोळा मात्रांच्या तीनतालात आठ मात्रा तुम्ही ‘सा रे ग प ग’ असं काही गा, पुढच्या आठ त्याच्या. अट एकच, समेवर, म्हणजे तालाच्या पहिल्या मात्रेवर, सा. पहिल्यांदा तो तुमचंच परत म्हणेल. म्हणू द्या. मग अट बदला: एक स्वर वेगळा हवा.

‘मोझार्टही स्वमग्न होता’ वगैरे जे फिरतं ते सोडून द्या, मेलेल्या माणसाचं निदान होत नसतं.

हे सगळं मी पेटी शिकवणारा म्हणून सांगतोय, डॉक्टर म्हणून नव्हे. प्रत्येक स्वमग्न मुलाला पट्टी ओळखता येते असंही नाही. मिक्सर, प्रेशर कुकरलाही तो कान झाकत असेल तर ऑडिओलॉजिस्टकडे (श्रवणतज्ज्ञाकडे) नेऊन या. आणि त्याआधी सरांच्या पेटीची काळी चार मोबाइलच्या ट्यूनरवर लावून बघा. जुनी पेटी उतरलेली असते, मुलगा ‘चूक’ म्हणतो ते अक्षरशः खरंही असू शकतं.